लोकलहोस्ट:८०८० चा फेरा: कुबसीटीएल काल चाललं, आज पुन्हा बंद

‘क्लस्टर पडलंय का?’ असा मेसेज सकाळी सकाळी आला की मी हल्ली क्लस्टरकडे बघतच नाही. (क्लस्टर म्हणजे कुबरनेटीज या सॉफ्टवेअरने एकत्र चालवलेल्या मशीनचा समूह, आणि त्याला आज्ञा द्यायचं टूल म्हणजे कुबसीटीएल.) उलट विचारते, ‘एररमध्ये पोर्ट कुठला दिसतोय?’ उत्तर ‘८०८०’ आलं की हातातला चहा खाली ठेवायची गरज उरत नाही. क्लस्टर ठणठणीत असतं. अडचण विचारणाऱ्याच्या लॅपटॉपवर असते, आणि तीही एवढीच की एक फाइल सापडत नाहीये.

एरर साधारण असा असतो: लोकलहोस्ट:८०८० या सर्व्हरने जोडणी नाकारली, तुम्ही होस्ट आणि पोर्ट बरोबर दिलात ना? नव्या आवृत्त्यांमध्ये त्याच्या वर ‘मेमकॅश.गो’ असा उल्लेख असलेल्या चार-पाच ओळी येतात. त्या वाचून कोणीतरी हमखास मेमकॅश्ड सर्व्हर शोधायला निघतं. त्याचा इथे काही संबंध नाही. ते कुबसीटीएलच्या स्वतःच्या कोडमधल्या एका फाइलचं नाव आहे. सर्व्हरकडे कुठकुठल्या सोयी आहेत ही यादी मागायला ते गेलं आणि पुन्हा पुन्हा दारावरून परत आलं, एवढंच त्या ओळी सांगतात.

हे एकदाच झालं असतं तर लिहीत बसले नसते. पण प्रश्न सुटतो, दोन आठवडे जातात, आणि ये रे माझ्या मागल्या. कारण सोडवताना शेजाऱ्याची फाइल कॉपी केलेली असते किंवा कुठलीशी ओळ टर्मिनलमध्ये चिकटवलेली असते. का चाललं ते बघितलेलं नसतं, म्हणून का थांबलं तेही कळत नाही. मी तीन प्रश्न विचारते: कुठलं कुबसीटीएल चालतंय, ते कुठली फाइल वाचतंय, आणि कोण म्हणून सर्व्हरसमोर उभं राहतंय. यातला मधला प्रश्न सगळ्यात जास्त छळतो, म्हणून सुरुवात तिथून.

एक खुलासा आधीच: आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका. आणि उच्चारावरून भांडू नका. कोणी ‘क्यूब कंट्रोल’ म्हणतं, कोणी ‘क्यूब कटल’. आमच्याकडे ‘कुबसीटीएल’ रुळलंय. कुबरनेटीज या नावात कुबेर दिसला तरी त्याच्याशी नातं नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्या कोकणातला तांडेल.

८०८० आलं कुठून?

तुम्ही हा आकडा कुठेच लिहिलेला नसतो, तरी तो येतो. कुबसीटीएलला क्लस्टरचा पत्ता कुठेच सापडला नाही की ते शेवटचा पर्याय म्हणून आपल्याच मशीनच्या ८०८० पोर्टवर जाऊन बघतं. सुरुवातीच्या काळात कुबरनेटीजचा एपीआय सर्व्हर (क्लस्टरसाठीच्या आज्ञा स्वीकारणारा भाग) त्याच मशीनवरून येणाऱ्यांसाठी ८०८० वर विनासुरक्षा दार उघडं ठेवायचा. ते दार नंतर बंद झालं. आज एपीआय सर्व्हर बहुतेक ठिकाणी ६४४३ वर किंवा क्लाउडमध्ये ४४३ वर असतो. टूलमधली ती जुनी सवय मात्र राहिली.

म्हणून या एररचा खरा अर्थ ‘सर्व्हर बंद आहे’ असा नाही. खरा अर्थ आहे ‘मला पत्ताच मिळाला नाही’. एररमध्ये तुमच्या क्लस्टरचा खरा पत्ता दिसत असेल तर तो दुसरा आजार, त्याचं पुढे बघू.

यात एक गमतीदार प्रकार आहे. ज्या मशीनवर जेनकिन्स (बिल्ड आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) ८०८० वर चालू असतं तिथे जोडणी नाकारली जात नाही. कुबसीटीएल त्या दारावर जातं, दार उघडतं, आणि आतून जेनकिन्सचं लॉगिनचं पान येतं. मग स्क्रीनवर ‘फॉरबिडन’ आणि त्याच्यामागे एचटीएमएलची लांबलचक जंत्री. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा दिवस परवानग्या तपासण्यात घालवला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यामुळे कुबसीटीएलच्या उत्तरात एचटीएमएल दिसलं तर परवानग्यांना हात लावू नका. आपण भलत्याच दारात उभे आहोत हे ओळखा.

फाइल कुठून वाचली जाते

क्रम ठरलेला आहे. आज्ञेबरोबर ‘--कुबकॉन्फिग’ हा पर्याय दिला असेल तर फक्त तीच फाइल. नसेल तर त्याच नावाचं, सगळी अक्षरं कॅपिटल असलेलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. तेही नसेल तरच होम फोल्डरातल्या ‘.क्यूब’ या लपलेल्या फोल्डरातली ‘कॉन्फिग’ नावाची फाइल. नावाला ‘.यामल’ वगैरे शेपूट नाही. ब्राउझरमधून उतरवलेली फाइल ‘कॉन्फिग.यामल’ किंवा ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ नावाने तिथे ठेवून ‘फाइल तर आहे की’ म्हणणारे दर बॅचला एक-दोन भेटतातच. विंडोजवर एक्सटेन्शन लपवलेली असतात, त्यामुळे त्यांना डोळ्यांनी ‘कॉन्फिग’च दिसतं.

या क्रमातली खोच अशी: व्हेरिएबल ठेवलेलं असेल, पण त्यातला पत्ता चुकीचा असेल, तर कुबसीटीएल होममधल्या फाइलकडे वळत नाही. व्हेरिएबल आहे म्हणजे तेच प्रमाण. तिथे फाइल नसली तर ते रिकाम्या हातांनी पुढे जातं आणि थेट ८०८० वर आदळतं. होममधली धडधाकट फाइल जागच्या जागी पडून राहते.

आणि चुकीचा पत्ता येतो कसा, तर सर्वाधिक वेळा टिल्डमुळे. होम फोल्डरसाठी आपण ~ हे चिन्ह वापरतो. ते उलगडून खरा पत्ता बनवणं हे शेलचं (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामचं) काम आहे, कुबसीटीएलचं नाही. पत्ता दुहेरी अवतरणात टाकला की शेल टिल्डला हात लावत नाही. मग कुबसीटीएल अक्षरशः ‘~’ नावाचं फोल्डर शोधत बसतं. अवतरण काढा, किंवा टिल्डऐवजी डॉलर-होम लिहा, ते अवतरणातही उलगडतं. व्हेरिएबल छापून बघितलंत आणि उत्तरात टिल्ड जसंच्या तसं दिसलं, तर रोग सापडला.

दुसरं कारण त्याहून साधं. ‘एक्सपोर्ट’ची ओळ टर्मिनलमध्ये टाकली, चाललं, आनंद झाला. ती ओळ त्या एका टर्मिनलपुरती होती. खिडकी बंद झाली, लॅपटॉप रीस्टार्ट झाला, ओळ गेली. ‘काल चालत होतं’ या तक्रारीतला मोठा वाटा या एका गोष्टीचा आहे. ओळ शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये टाका, पण कुठलं शेल आहे ते बघून. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून मूळ शेल झेडएसएच आहे, तरी जुन्या सूचना वाचून लोक बॅशआरसीमध्ये ओळ टाकतात, आणि झेडएसएच ती फाइल उघडतसुद्धा नाही.

तिसरं कारण: सुडो, म्हणजे आज्ञा रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवणं. डॉकरसाठी सुडो लावायची सवय असते, तीच इथे येते. सुडो लावलं की होम रूटचं होतं आणि तुमची बहुतेक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल गळून पडतात. रूटच्या होममध्ये ‘.क्यूब’ फोल्डर नाही, म्हणजे पुन्हा ८०८०. कुबसीटीएलला सुडो लागतच नाही. ते तुमच्या मशीनवर काही बदलत नाही, दूरच्या सर्व्हरशी बोलतं. ‘परमिशन डिनाइड’ येतंय म्हणून सुडो लावत असाल, तर मालकी चुकलेली फाइल दुरुस्त करा.

ती मालकी चुकते कुठे तेही सांगते. कुबअ‍ॅडमने, म्हणजे क्लस्टर उभारायच्या टूलने, क्लस्टर उभं केलं की शेवटी ते तीन ओळी छापतं: ‘.क्यूब’ फोल्डर बनवा, ‘/ईटीसी/कुबरनेटीज’मधली ‘अ‍ॅडमिन.कॉन्फ’ तिथे कॉपी करा, आणि ‘चओन’ने तिची मालकी स्वतःकडे घ्या. पहिल्या दोन ओळी सगळे चिकटवतात, तिसरी राहते. मग फाइल तुमच्या घरात, पण मालक रूट. वाचता येत नाही म्हणून सुडो, सुडो लावलं की रूटचं होम, आणि तिथे फाइलच नाही. हा भोवरा तिसऱ्या ओळीने सुटतो.

डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरणाऱ्यांचं वेगळं दुखणं. विंडोजचं होम वेगळं, डब्ल्यूएसएलमधल्या लिनक्सचं वेगळं. डॉकर डेस्कटॉप किंवा क्लाउडचं टूल पॉवरशेलमधून चालवलं तर फाइल विंडोजच्या होममध्ये बनते, आणि तुम्ही उबुंटूच्या खिडकीत बसून ती शोधता. एकाच फाइलकडे सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलकडे बोट दाखवणारी जोडणी) केली की दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. मी स्वतः मात्र एकच बाजू धरून राहते, सगळं लिनक्समध्ये. दोन घरांचा संसार लवकर विस्कटतो.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं टूल) आणि सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सांभाळणारं टूल) सेवांमध्ये तर तुमची बॅशआरसी वाचलीच जात नाही. सिस्टमडीच्या सेवेला वापरकर्ता नेमून दिला नसेल तर होमच ठरलेलं नसतं. ‘हाताने चालवलं की चालतं, रात्री आपोआप चालत नाही’ ही तक्रार तिथून येते. अशा स्क्रिप्टमध्ये ‘--कुबकॉन्फिग’ देऊन पूर्ण पत्ता लिहा आणि कुबसीटीएलचाही पूर्ण पत्ता लिहा, कारण क्रॉनचा पाथ, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी, अगदी तोकडा असतो. ‘/यूएसआर/लोकल/बिन’ त्यात बहुधा नसतं.

के३एस (कुबरनेटीजचा हलका अवतार) बसवलं असेल तर अजून एक वेगळेपण. तिथे कुबसीटीएल नावाची जी वस्तू मिळते ती के३एसच्याच बायनरीकडे जाणारी सिमलिंक असते, आणि तिची मूळ फाइल होममध्ये नाही, ‘/ईटीसी/रँचर/के३एस/के३एस.यामल’ ही असते. ती फक्त रूटला वाचता येते. त्यामुळे इथे ८०८० ऐवजी ‘फाइल वाचता येत नाही’ असा एरर येतो आणि फाइलची परवानगी सैल करायचा पर्यायही तो एरर सुचवतो. मी तो मार्ग घेत नाही. त्या फाइलमध्ये अ‍ॅडमिनची किल्ली आहे. तिची प्रत आपल्या होममध्ये घ्यावी, मालकी आपली, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि व्हेरिएबल तिच्याकडे वळवावं. तीच प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर नेली तर आतला पत्ता १२७.०.०.१ आहे हे विसरू नका. तो तुमच्या लॅपटॉपलाच हाक मारेल. तिथे सर्व्हरचा खरा आयपी टाकायचा.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. एक आज्ञा पुरते:

कुबसीटीएल गेट नोड्स -व्ही=६

या पातळीवर ते सुरुवातीलाच सांगतं की कॉन्फिग कुठल्या फाइलमधून घेतली, आणि त्यापुढे कुठल्या पत्त्यावर विनंती पाठवली. फाइलची ओळच आली नाही तर फाइल सापडलेली नाही. ओळ आली पण पत्ता भलताच असेल, तर फाइल आहे आणि आतला कॉन्टेक्स्ट (कुठलं क्लस्टर आणि कुठला वापरकर्ता ही जोडी) चुकलाय. कोणी मदत मागितली की मी आधी याच आज्ञेचं आउटपुट मागवते. स्क्रीनशॉट नको, मजकूर.

कुठलं कुबसीटीएल?

‘अपडेट केलं तरी आवृत्ती जुनीच दाखवतंय.’ यावर ‘टाइप -ए कुबसीटीएल’ चालवा. मशीनवर किती कुबसीटीएल आहेत आणि आधी कुठलं सापडतं ते क्रमाने दिसतं. दोन-तीन निघतात आणि मालकाला धक्का बसतो. एक होमब्रूने (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) आणलेलं, एक डॉकर डेस्कटॉपने न विचारता ठेवलेलं, एक कधीतरी क्लाउडच्या टूलबरोबर आलेलं. अ‍ॅपल सिलिकॉन मॅकवर होमब्रू ‘/ऑप्ट/होमब्रू/बिन’मध्ये ठेवतं आणि डॉकर डेस्कटॉप ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये. पाथमध्ये जे आधी ते जिंकतं. विंडोजवरही डॉकर डेस्कटॉपचं कुबसीटीएल पाथमध्ये पुढे घुसलेलं असतं. पाथचा क्रम बदला किंवा नको असलेलं काढा. फाइल बदलूनही बॅश जुनाच रस्ता धरत असेल तर ‘हॅश -आर’ने त्याची आठवण पुसा.

आवृत्ती का महत्त्वाची, तर कुबसीटीएल सर्व्हरच्या एक मायनर आवृत्ती (१.२८ मधला २८ हा आकडा) मागे किंवा पुढे एवढंच अधिकृतपणे चालतं. कुबरनेटीजच्या वर्षाला तीनेक आवृत्त्या येतात. म्हणजे वर्षभर हात न लावलेलं टूल त्या रेषेबाहेर गेलेलंच असतं. सगळंच मोडत नाही, आणि तोच त्रास आहे. ‘गेट पॉड्स’ चालतं, नवं काही लागू करताना अर्थहीन एरर येतो. शिवाय जुन्या स्क्रिप्टमधले पर्याय नाहीसे होतात. ‘कुबसीटीएल व्हर्जन --शॉर्ट’ कित्येक पाइपलाइनींत होतं. १.२८ मध्ये ‘--शॉर्ट’ काढून टाकला आणि त्या पाइपलाइनी पहिल्याच ओळीत कोसळल्या. पर्याय नुसता काढून टाका, आता मूळ उत्तरच आखूड येतं.

उबुंटू-डेबियनवाल्यांसाठी खास. जुनी एपीटी रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात ती जागा, गूगलकडे होती. १३ सप्टेंबर २०२३ ला ती गोठवली आणि ४ मार्च २०२४ ला काढून टाकली. ज्यांच्या मशीनवर तो जुना पत्ता अजून आहे त्यांना ‘एपीटी अपडेट’ करताना एरर येतो, आणि बरेच जण तो दुर्लक्षून पुढे जातात. नवी जागा ‘पीकेजीएस.के८एस.आयओ’. पण तिथे रचनाच वेगळी आहे: प्रत्येक मायनर आवृत्तीची रेपॉझिटरी स्वतंत्र. पत्त्यातच आवृत्ती असते. म्हणून कितीही वेळा ‘एपीटी अपग्रेड’ केलं तरी तुम्ही त्याच मायनर आवृत्तीत फिरत राहता. पुढच्या आवृत्तीवर जायचं तर सोर्सच्या फाइलमधला आकडा हाताने बदलावा लागतो. पॅकेज मॅनेजर आपोआप पुढे नेतो ही आपली सवय इथे फसवते.

थेट बायनरी उतरवणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणजे प्रोसेसर एक आणि बायनरी दुसऱ्याची, एआरएमच्या मशीनवर एएमडी६४ किंवा उलट. आणि चालवल्यावर शेलचाच सिंटॅक्स एरर आला तर तुम्ही बायनरी उतरवलेलीच नाही. कर्लला ‘-एल’ दिला नाही तर ते रीडायरेक्टमागे जात नाही, आणि ऑफिसचा प्रॉक्सी मध्ये असेल तर त्याचं ‘अडवले आहे’ असं पान कुबसीटीएल नावाने जतन होतं. खरी बायनरी पन्नासेक एमबींची असते. ‘एलएस -एल’मध्ये फाइल काही केबींची दिसली की विषय संपला. शा२५६ जुळवणं हे नुसतं सुरक्षेसाठी आहे असं समजून सोडून देऊ नका, अशा वेळी ते तासभर वाचवतं.

कोण म्हणून?

आता पत्ता बरोबर आहे, सर्व्हर उत्तर देतोय, पण आत घेत नाही. इथे दोन शब्दांची गल्लत होते. ‘अनऑथराइज्ड’ म्हणजे ओळखच पटली नाही. ‘फॉरबिडन’ म्हणजे ओळख पटली, पण या कामाची मुभा नाही. दुसरा आला तर तुमचं सेटअप पूर्ण झालंय, अभिनंदन. आता अ‍ॅडमिनकडून रोल मागा आणि लॅपटॉप उलटापालटा करणं थांबवा.

पहिला आला तर कुबकॉन्फिग, म्हणजे वरची तीच कॉन्फिग फाइल, उघडा आणि ‘यूजर्स’खाली काय आहे ते बघा. क्लाउडच्या क्लस्टरमध्ये तिथे बहुधा पासवर्ड किंवा सर्टिफिकेट नसतं, एक आज्ञा असते. कुबसीटीएल दर वेळी ती आज्ञा चालवून टोकन घेतं. म्हणजे तुमचं कुबसीटीएल दुसऱ्या एका टूलवर अवलंबून आहे, आणि ते दुसरं टूल जुनं झालं की दोष कुबसीटीएलवर येतो. मे २०२२ मध्ये कुबसीटीएल १.२४ आलं तेव्हा हेच झालं. टोकनच्या या व्यवहाराची ‘व्ही१अल्फा१’ ही जुनी बोली त्यात काढून टाकली होती. जुन्या एडब्ल्यूएस टूलने लिहिलेल्या फाइलींमध्ये तीच बोली होती, आणि एका सकाळी सगळीकडे ‘एपीआयव्हर्जन अवैध’. उपाय सरळ: एडब्ल्यूएसचं टूल अद्ययावत करा आणि ‘एडब्ल्यूएस ईकेएस अपडेट-कुबकॉन्फिग’ पुन्हा चालवा. फाइलमध्ये हाताने शब्द बदलून काहींचं भागलं, पण टूल जुनंच राहिलं तर पुढच्या वेळी फाइल पुन्हा जुन्या बोलीत लिहिली जाते.

जीकेईचं, म्हणजे गूगल क्लाउडच्या कुबरनेटीजचं, तसंच. कुबसीटीएल १.२६ पासून गूगलची ओळख पटवण्याची सोय आतून काढली, वेगळं ‘जीकेई-जीक्लाउड-ऑथ-प्लगइन’ बसवावं लागतं. ते बसवूनही ‘सापडत नाही’ आलं तर पुन्हा पाथच.

ईकेएसवर (एडब्ल्यूएसच्या कुबरनेटीजवर) ‘अनऑथराइज्ड’ आलं की ‘एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी’ चालवा. आपण स्वतःला एक समजत असतो, आणि टर्मिनल दुसऱ्याच प्रोफाइलने बोलत असतं. दोन खात्यांवर काम करणाऱ्यांचं नव्वद टक्के इथेच निघतं (हा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही).

स्वतः उभारलेल्या क्लस्टरचा एक आजार मात्र वर्षातून एकदाच येतो, वर्षश्राद्धासारखा. कुबअ‍ॅडम जी सर्टिफिकेटं बनवतं त्यांची मुदत १ वर्ष, मुख्य सीएची (त्यांच्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याची) १० वर्षं. ज्यांनी वर्षभरात क्लस्टर अपग्रेड केलं त्यांची सर्टिफिकेटं त्यातच नवी होतात. ज्यांनी ‘चालतंय ना, हात लावू नका’ म्हटलं त्यांची मुदत वाढदिवसाला संपते. ‘कुबअ‍ॅडम सर्ट्स चेक-एक्स्पिरेशन’ मुदती दाखवतं, ‘कुबअ‍ॅडम सर्ट्स रिन्यू ऑल’ नवी करतं. त्यानंतर कंट्रोल प्लेनचे (क्लस्टर चालवणाऱ्या मुख्य भागांचे) पॉड पुन्हा सुरू करावे लागतात. आणि इथे लोक हमखास अडखळतात: नवी झालेली ‘अ‍ॅडमिन.कॉन्फ’ सर्व्हरवर आहे, तुमच्या होममधली जुनी प्रत जुनीच आहे. ती पुन्हा कॉपी करा. पुन्हा तीन ओळी, तिसरीसकट.

मुदत संपलीय असा एरर येतोय, पण मुदत तर बाकी आहे? घड्याळ बघा. लॅपटॉप झोपून उठल्यावर डब्ल्यूएसएलचं किंवा व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं. नुकतंच बनवलेलं सर्टिफिकेट मग त्याला भविष्यातलं वाटतं.

उरलेले, झटपट

एररमध्ये क्लस्टरचा खरा पत्ता आणि ‘रिफ्यूज्ड’: तिथवर पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. मिनीक्यूब (लॅपटॉपवरच क्लस्टर चालवायचं टूल) डॉकरवर चालत असेल तर रीस्टार्टनंतर पोर्ट बदललेला असतो, ‘मिनीक्यूब अपडेट-कॉन्टेक्स्ट’. त्याच जातीचं काइंड असेल तर ‘काइंड एक्सपोर्ट कुबकॉन्फिग’.

‘टाइमआउट’: रस्त्यात कोणीतरी पाकिटं गिळतंय. व्हीपीएन, फायरवॉल, क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप. ‘नो सच होस्ट’: व्हीपीएन जोडलेला नाही किंवा त्याचा डीएनएस लागू झाला नाही.

‘एक्स५०९, अनोळखी अधिकाऱ्याची सही’: क्लस्टर पाडून पुन्हा उभारलंय आणि फाइल जुन्या क्लस्टरची आहे, किंवा ऑफिसचा प्रॉक्सी मध्ये बसून सगळं उघडून वाचतोय. दुसरं असेल तर ‘नो_प्रॉक्सी’मध्ये क्लस्टरचा पत्ता टाका. टीएलएस तपासणी बंद करायचा पर्याय मोहक असतो. एकदा फाइलमध्ये गेला की तो कधीच निघत नाही, म्हणून चाचणीपुरताही मी तो फाइलमध्ये लिहू देत नाही.

‘सर्टिफिकेट अमुक पत्त्यांसाठी आहे, तमुकसाठी नाही’: पत्ता बदलून नेलेल्या के३एसच्या फाइलचं पुढचं पाऊल. सर्व्हरवर ‘--टीएलएस-सॅन’ देऊन तो पत्ता सर्टिफिकेटमध्ये घालावा लागतो.

माझी मांडणी, आणि ती तशी का

कॉन्टेक्स्ट कुठला चालू आहे हे टर्मिनलमध्ये नाही, फाइलमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे एका खिडकीत कॉन्टेक्स्ट बदलला की त्याच फाइलवर चालणाऱ्या सगळ्या खिडक्यांत बदलतो. हे मला माहीत होतं. तरी एकदा एका खिडकीत चाचणीच्या क्लस्टरवर काम करत असताना दुसऱ्या खिडकीत प्रॉडक्शनसाठी (खऱ्या वापरातल्या क्लस्टरसाठी) ‘अपडेट-कुबकॉन्फिग’ चालवलं, आणि ती आज्ञा फाइल लिहिताना चालू कॉन्टेक्स्टही आपल्याकडे वळवते. पहिल्या खिडकीत परत येऊन मी निवांतपणे एक डिप्लॉयमेंट, म्हणजे क्लस्टरवर चालणारं एक अ‍ॅप्लिकेशन, पुसलं. नाव दोन्ही क्लस्टरमध्ये सारखंच होतं. सात मिनिटांत परत उभं केलं, पण त्या सात मिनिटांत फोन किती वाजला ते विचारू नका.

तेव्हापासून एक मोठी फाइल ठेवणं बंद. प्रत्येक क्लस्टरची वेगळी फाइल, परवानगी ६००. (गटाला वाचता येत असेल तर हेल्म हे पॅकेज बसवायचं टूल कुरकुरतं, ते योग्यच आहे.) प्रत्येक टर्मिनलमध्ये व्हेरिएबलने एकच फाइल निवडायची. त्यासाठी शेलमध्ये दोन अक्षरी फंक्शनं केली आहेत. होममधली ‘.क्यूब/कॉन्फिग’ मी मुद्दाम रिकामी ठेवते. मग क्लस्टर निवडायला विसरले तर ८०८० चा एरर येतो. ज्या एररने इतकी वर्षं छळलं तोच आता माझा राखणदार. प्रॉम्प्टमध्ये कॉन्टेक्स्टचं नाव दाखवायला ‘क्यूब-पीएस१’ आहे, प्रॉडक्शन असेल तर लाल.

व्हेरिएबलमध्ये अनेक फाइली एकदम देता येतात, लिनक्स-मॅकवर अपूर्णविराम (:) आणि विंडोजवर अर्धविराम (;) मध्ये टाकून. त्या एकत्र होताना एकाच नावाच्या दोन नोंदी असतील तर आधीच्या फाइलची टिकते, नंतरची गुपचूप टाकून दिली जाते. दोन कुबअ‍ॅडम क्लस्टर असतील तर दोन्हीकडे वापरकर्त्याचं नाव ‘कुबरनेटीज-अ‍ॅडमिन’च असतं. मग दुसऱ्या क्लस्टरला पहिल्याची किल्ली लावली जाते आणि ‘अनऑथराइज्ड’. एकत्र करण्याआधी नावं बदला. खरं तर एकत्र करूच नका.

आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ‘जरा तुझी कॉन्फिग टाक ना’ ही विनंती निरागस वाटते, पण अ‍ॅडमिनच्या फाइलमध्ये क्लायंट सर्टिफिकेट आणि त्याची खासगी किल्ली असते, आणि असं एकेक सर्टिफिकेट रद्द करायची सोय कुबरनेटीजमध्ये नाही. फाइल चुकीच्या हाती गेली तर मुदत संपेपर्यंत वाट बघा किंवा संपूर्ण क्लस्टरचा सीए बदला. उलट दिशेनेही तेच: दुसऱ्याची फाइल वापरताना ‘यूजर्स’खालची आज्ञा वाचून घ्या. कुबसीटीएल ती तुमच्या मशीनवर, तुमच्या नावाने, न विचारता चालवतं.